चार वर्षं, चार महिने, चार दिवस

१८ नोव्हेंबर १५७३. फत्तेपूर सिक्रीत शहजादा सलीमच्या, म्हणजे पुढच्या जहांगीर बादशहाच्या, शिक्षणाचा मुहूर्त झाला. पहिला पाठ द्यायला मौलाना मीर कलाँ हरवी होते. सलीमचा जन्म ३० ऑगस्ट १५६९चा. आपल्या कॅलेंडरने मोजलं तर वय सव्वाचार वर्षांच्याही आत भरतं. हिजरी महिन्यांनी मोजा, म्हणजे एखाद्या दिवसाच्या फरकाने बरोबर चार वर्षं, चार महिने, चार दिवस येतात.

हाच हिशेब मराठवाड्यातली, हैदराबादेतली मुसलमान घरं ‘बिस्मिल्लाखानी’साठी, म्हणजे मुलाच्या शिक्षणारंभाच्या विधीसाठी, अजून मांडतात. त्या वयाचं मूल काही वाचत नाही. नवी शेरवानी, गळ्यात फुलांचा हार, पुढे कुराण ठेवायची रेहल; उस्ताद एकेक शब्द सांगतात आणि मूल तो बोबड्या उच्चारात म्हणतं. बिस्मिल्लाह झाल्यावर बहुधा ९६व्या सूरेच्या, सूरह अलकच्या, सुरुवातीच्या आयती येतात. सर्वांत आधी अवतरल्या त्या याच, अशी श्रद्धा आहे. मग मिठाई, उस्तादांना नजराणा, मुलाच्या मुठीत नोटा. हा मान मुलींनाही मिळतो.

दख्खनच्या जाफर शरीफ यांनी ‘कानून-ए-इस्लाम’मध्ये या समारंभाची नोंद केली. हर्कलॉट्स या मद्रासकडच्या डॉक्टरने ते पुस्तक इंग्रजीत आणलं आणि १८३२मध्ये लंडनला छापलं. विधी मुलाचा खरा, पण राबता सगळा नातेवाइकांचा, हे तेव्हाही तसंच होतं.

या चार-चार-चारला कुराणात आधार नाही. पैगंबरांच्या बालपणी फरिश्त्याने त्यांचं हृदय धुतलं ते याच वयात, असं काही जण सांगतात. पण दिवसापर्यंतचा हा काटेकोरपणा मला नंतरचा वाटतो. मौलाना अशरफ अली थानवींनी ‘बहिश्ती जेवर’मध्ये या रिवाजावर स्पष्ट टीका केली. वयाचा हट्ट निराधार आणि चांदीची दौत-लेखणी वापरणं तर धर्मालाच धरून नाही, असा त्यांचा आक्षेप. मूल बोलू लागलं की कलमा शिकवा, पुढे शिकायला बसवा, थाट कशाला? युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही मला रिवाजाची बाजू थोडी घ्यावीशी वाटते: तारीख ठरलेली असली की ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणायची सोय उरत नाही. अर्थात हल्ली हॉल मिळेल त्या रविवारी ती तारीख सरकते, तो भाग वेगळा.

खरी मेहनत दुसऱ्या दिवसापासून. मकतबमध्ये, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या शाळेत, ‘नूरानी कायदा’ ही अक्षरओळखीची पुस्तिका हाती येते. अलिफ, बे, मग जेर-जबर-पेश या स्वरखुणा, मग जोडाक्षरं. त्यानंतर ‘अम्मा पारा’, म्हणजे कुराणाचा तिसावा, शेवटचा भाग. ११४पैकी ३७ सूरा त्यात आहेत, बहुतेक आखूड आणि नमाजात सहज म्हणता येणाऱ्या. म्हणून कितीतरी मुलं कुराणात मागच्या दाराने शिरतात. अर्थ त्या वेळी क्वचितच सांगितला जातो, भर उच्चारावर. ही पद्धत सुधारावी, असं मकतब चालवणाऱ्यांतही अनेकांना वाटतं.

तिसांचे तीस पारे वाचून झाले की ‘आमीन’चा समारंभ. दुआ होते, उस्तादांना कपडे आणि हदिया दिला जातो. त्यासाठी मात्र दिवस कोणी मोजत नाही. कुणाची आमीन सातव्या वर्षी होते, कुणाची बाराव्या. धाकट्या बहिणीची आधी झाली तर मोठा भाऊ आठवडाभर घुश्शात असतो.