‘साभार परत’ आणि सीमेवरचा कथाकार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांवरची माणसे मधोमध रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी एकमेकांवर दगड फेकतात आणि संध्याकाळी रुग्णालयात गर्दी होते. नेमक्या याच सुमारास पुण्या-मुंबईत दिवाळी अंकांची पाने भरत आलेली असतात. पांढुर्ण्यातून किंवा शेजारच्या सौंसरमधून ज्येष्ठ-आषाढात कथा पाठवून वाट पाहत बसलेल्या माणसाला तोवर एक तर होकार आलेला असतो किंवा काहीच आलेले नसते. बहुतेकांच्या वाट्याला दुसरा प्रकार येतो.

मराठीत नकाराला एक सभ्य नाव आहे, ‘साभार परत’. कथेच्या जाड पाकिटात स्वतःचा पत्ता लिहिलेले आणि तिकीट लावलेले दुसरे पाकीट घालून पाठवण्याची रीत होती, तेव्हा हे दोन शब्द अक्षरशः घरी येत. आपल्याच अक्षरातला पत्ता पोस्टमनच्या हातात दिसला की आत काय आहे ते न फोडताच कळे. लहान गावात ते पोस्टमनलाही कळे, आणि पोस्टमनला कळलेली गोष्ट गावापासून फार काळ लपून राहत नसे. आता कथा ई-मेलने जाते आणि नकार बहुधा मौनाच्या रूपाने येतो. अपमानाचा साक्षीदार उरला नाही, ही सोय झाली. मात्र नकार नक्की कोणत्या दिवशी मिळाला, हेही आता कळत नाही. परत आलेले हस्तलिखित निदान पुन्हा वाचावे लागे. उत्तरच न आलेली कथा वर्षभर तशीच अधांतरी पडून राहते आणि लेखक पुढचे लिहीतही नाही.

नकार आणि नकार यांत फरक असतो, हे मराठी कथेच्या इतिहासाने चांगले दाखवले आहे. 1933 साली सुरू झालेले आणि 1982 साली बंद पडलेले ‘सत्यकथा’ मासिक अनेक दशके मराठी कथेचे मुख्य दार होते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिथले संपादक परत केलेल्या कथेविषयीही लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार करीत. कथेचा शेवट का जमला नाही, एखादे पात्र कुठे सुटले, हे त्या पत्रांतून कळे, आणि लेखक तीच कथा पुन्हा लिहून पाठवीत. अशा नकारात शिकवणी असते. परंतु त्याच दाराबाहेर उभ्या राहिलेल्या अनेकांना ते दार आपल्या भाषेसाठी आणि आपल्या जगण्यासाठी बंदच आहे असे वाटत होते. साठच्या दशकात लघुनियतकालिके निघाली ती या भावनेतून, आणि 1969 साली तर संतप्त तरुणांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. पुढे गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखनाला हक्काची जागा मिळवून दिली. एकाच मासिकाचा नकार एकाला घडवणारा आणि दुसऱ्याला डावलणारा असू शकतो. म्हणून नकार हाती आला की तो यांपैकी कोणता, हे आधी शांतपणे ओळखायला हवे. रागाच्या भरात प्रत्येक नकार दुसऱ्या प्रकारचाच वाटतो, ही त्यातली अडचण.

पांढुर्णा-सौंसरच्या लेखकासाठी हे ओळखणे आणखी अवघड आहे, आणि त्याला इतिहास कारणीभूत आहे. 1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाचीच राजधानी होती. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला आणि सौंसर-पांढुर्ण्याची मराठी वस्ती सीमेच्या पलीकडे पडली. 2023 मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. संत्र्याची बाजारपेठ, सोयरिकी, दवाखाना, सगळ्यासाठी माणूस नागपूरकडे पाहतो. शाळा, कचेरी, अर्ज आणि पाट्या मात्र हिंदीत. घरात मराठी बोलणारा, मनात मराठी कथा रचणारा माणूस लिहायला बसतो तेव्हा हाताला हिंदीचे वळण असते. मुंबई-पुण्याच्या संपादकाला यातले काही ठाऊक नसते. त्याच्यापुढे फक्त पान असते.

त्या पानावर काय दिसते? ‘कवि’, ‘शक्ति’, ‘स्थिति’, ‘गुरु’. हिंदीत ही रूपे शुद्धच आहेत. मराठीच्या प्रचलित लेखननियमांप्रमाणे मात्र शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ होतो, म्हणून ‘कवी’, ‘शक्ती’, ‘स्थिती’, ‘गुरू’. पहिल्या पानावर असे दहा शब्द आले की घाईतला संपादक लेखक कच्चा आहे असे ठरवून मोकळा होतो. दुसरा धोका दोन्ही भाषांत सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीतली शिक्षा म्हणजे दंड. हिंदीतला ‘संसार’ म्हणजे जग, मराठीत तो नवरा-बायकोचा. हिंदीतली ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘मुलाच्या शिक्षेसाठी बापाने शेत विकले’ हे वाक्य सौंसरमध्ये लिहिणाऱ्याला सरळ वाटेल. पुण्यात ते वाचणाऱ्याला मुलाने कोणता गुन्हा केला असा प्रश्न पडेल. तिसरी अडचण यंत्राची. मध्य प्रदेशातल्या टंकलेखनाच्या दुकानांत कृतिदेव फॉन्टचा वापर अजूनही आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा गिचमिडा दिसतो आणि कथा न वाचताच बाजूला पडते. शिवाय हिंदीला सरावलेल्या टंकलेखकाच्या हातून ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र हरवतो. या नकारांचा कथेच्या गुणवत्तेशी काहीच संबंध नसतो. ते टाळणेही सोपे आहे. मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि तो पाठवण्यापूर्वी शिक्षण मराठीतून झालेल्या एका तरी वाचकाच्या नजरेखालून जावा. नातलग नागपुरात असतातच.

मात्र इथेच एक बारीक रेषा आहे आणि ती ओलांडू नये. ‘काय करून राहिला बे’, ‘तो येऊन राहिला’ ही या पट्ट्यातली बोलण्याची रीत आहे. ‘कर रहा है’ या हिंदी वळणाशी तिचे नाते उघड आहे, पण ती चूक नाही. ती इथल्या माणसांची भाषा आहे. शुद्धलेखनाची धास्ती घेतलेला नवा लेखक पहिल्या दोन-तीन नकारांनंतर सर्वांत आधी हीच भाषा पुसून टाकतो. मग त्याचा संत्राबागेतला मजूर सदाशिव पेठेतल्यासारखा बोलू लागतो आणि कथा आणखी लवकर परत येते, कारण आता तिच्यात नाकारण्यासारखेही काही वेगळे उरलेले नसते. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी 1960 साली आली ती वऱ्हाडी बोलीसकट, आणि मराठीतल्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. निवेदनातला ‘स्थिति’ दुरुस्त करावा, संवादातला ‘करून राहिला’ तसाच ठेवावा. संपादकाने तो बदलायला सांगितला तर का ठेवला आहे ते दोन ओळींत कळवावे. त्यावर कथा परत आली तर येऊ द्यावी. हा नकार घेण्यासारखा आहे.

गोमंतकातल्या वाचकाला हे सारे फार परके वाटू नये. घरची बोली एक, शाळेची भाषा दुसरी आणि छापणारे शहर तिसरीकडे, ही स्थिती गोव्याच्या लेखकांनी पोर्तुगीज अमदानीपासून अनुभवली आहे. लक्ष्मणराव सरदेसाई यांनी गोव्याचे जीवन मराठी कथेत आणले आणि कोकणीतही लेखन केले.

आता विषयाचे. पांढुर्ण्यातल्या लेखकाला गोटमारीवर कथा लिहिण्याचा मोह होतोच. दोन गावांतल्या प्रेमिकांची आख्यायिका, नदी, दगड, रक्त, झेंडा, सगळे आयते तयार असते. अशी कथा परत आली की ‘पुण्यामुंबईच्या लोकांना आमचे जग कळत नाही’ असा निष्कर्ष निघतो. तो कधी खराही असतो. पण अनेकदा त्या कथेत यात्रेचे वर्णन असते आणि माणूस नसतो. बाहेरच्या वाचकाला नवल वाटावे म्हणून लिहिलेली कथा त्या नवलाबरोबरच संपते. यात्रेनंतर आठ दिवसांनी, डोक्याला टाके पडलेला तरुण समोरच्या काठावरच्या दुकानात उधारीवर सामान घ्यायला जातो, तेव्हा दुकानदार त्याच्याशी काय बोलतो, हे इथल्याच लेखकाला माहीत असते. परत आलेल्या गोटमारीच्या कथेत असे एखादे पान दडलेले आहे का, ते शोधावे. बाकीची दहा पाने गेली तरी चालेल.

नकारांची आणखी काही कारणे लेखकाला दिसत नाहीत. दिवाळी अंकांची परंपरा 1909 सालच्या ‘मनोरंजन’च्या अंकापासूनची आहे आणि तो व्यवहार मोठा असला, तरी पुष्कळ अंकांमागे एक-दोन माणसेच असतात. बरीच पाने आधीच निमंत्रित लेखकांना दिलेली असतात. जाहिराती कमी आल्या की कापली जातात ती अनोळखी लेखकाची पाने. पावसाळ्यावर दोन कथा आधीच घेतल्या असतील तर तिसरी कितीही चांगली असली तरी थांबते. म्हणून दिवाळी अंकावरच सगळी भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. वर्षभर निघणारी नियतकालिके, विदर्भ साहित्य संघाची ‘युगवाणी’ किंवा दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्या इथे घाई कमी आणि वाचणारा डोळा थोडा जास्त मोकळा असतो. भोपाळला मध्य प्रदेशाची मराठी साहित्य अकादमी आहे, तिच्या कार्यक्रमांतून राज्यातले इतर मराठी लिहिणारे भेटतात. सौंसरहून नागपूर हाताशी आहे, पण आपल्याच राज्यात आपल्यासारखे कोणी लिहिते हे कळणे वेगळे.

धीर देण्यासाठी थोरांच्या नाकारल्या गेलेल्या पुस्तकांची यादी ऐकवली जाते. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘अॅनिमल फार्म’चे उदाहरण त्यात नेहमी असते. 1944 साली टी. एस. एलियटने फेबर या प्रकाशनसंस्थेच्या वतीने ते नाकारले आणि पुढच्याच वर्षी ते दुसरीकडून प्रसिद्ध झाले. एलियटला लेखनाचे गुण दिसले होते, त्यातली राजकीय दृष्टी मात्र त्या घटकेला त्याला पटली नव्हती. वेळेमुळे आलेला नकार कसा असतो याचे हे चांगले उदाहरण आहे. पण अशा याद्यांनी फार समाधान मानू नये. योग्य कारणाने परत आलेल्या आणि खरोखरच फसलेल्या हजारो कथांची यादी कोणी करत नाही, म्हणून ती ऐकू येत नाही.

त्यापेक्षा एक साधी वही जास्त उपयोगी पडते. कथा कोणती, कोणाकडे, कोणत्या तारखेला गेली, उत्तर काय आले, एवढेच तिच्यात लिहावे. तीन-चार महिने, किंवा अंकाने सांगितली असेल तेवढी मुदत, उलटली की एक नम्र स्मरणपत्र पाठवावे. त्यालाही उत्तर नसेल तर कथा मागे घेत असल्याचे कळवून ती दुसरीकडे पाठवावी. दोन ठिकाणी एकाच वेळी पाठवलेली आणि दोन्हीकडे छापून आलेली कथा लेखकाचे नाव एका नकारापेक्षा जास्त खराब करते. नकार आला त्या दिवशी कथेला हात लावू नये आणि संपादकाला फोनही करू नये. आठवड्याने ती कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावी. ऐकणारा जिथे चुळबुळतो ती जागा पेन्सिलीने खुणावून ठेवावी. तीन संपादकांनी तीन वेगळी कारणे दिली तर कथेला तिचा संपादक अजून भेटलेला नाही असे समजायला हरकत नाही. तिघांनी एकच जागा दाखवली तर ती जागा पुन्हा लिहावी, मग ती लेखकाला कितीही प्रिय असो.

काहींना यापुढे एक मोठा प्रश्न पडतो, की मग हिंदीतच का लिहू नये? शिक्षण हिंदीत, राज्य हिंदीत, मासिकेही कितीतरी जास्त. याच मुलुखातल्या एका मराठी घराने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली आहेत. श्योपूरला 1917 साली जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहिते झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत कविता, कादंबऱ्या आणि समीक्षा लिहिली व 1979 साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोघांच्याही आयुष्यात नागपूरचा मोठा वाटा होता. हिंदी निवडल्याने थोरल्या भावाची वाट सोपी झाली असे मात्र दिसत नाही. ‘तार सप्तक’मध्ये 1943 सालीच कविता आलेल्या या कवीचा पहिला स्वतंत्र संग्रह 1964 मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी 11 सप्टेंबरला मृत्यू आल्यामुळे त्यांना तो पाहताही आला नाही. ‘काठ का सपना’ हा त्यांचा कथासंग्रह त्यानंतर तीन वर्षांनी आला.