मजुरी कोठे अडली?

घाम मजुराचा आणि आकडे साहेबाचे, अशी वाटणी आमच्या चळवळीत फार वर्षे चालत आली. ती वाटणी आम्हांला मान्य नाही, हे सांगण्यासाठीच आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. संगणकाची ओळख झाली ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तेव्हा जे आम्हांला उमजले ते आपणां सर्वांना उमजेल, याविषयी आम्हांला शंका नाही.

रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी. १९७२ च्या दुष्काळात ती वाढली, १९७७ साली तिचा कायदा झाला. १९९० साली तिला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि आपल्या कोकणातल्या कातळावर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने ही हमी देशभर नेली आणि मजुरी पंधरा दिवसांत दिलीच पाहिजे, असे बंधन घातले.

या मजुरीचा प्रवास कसा होई, तो पाहा. हजेरीपट बंद होई, कामाचे मोजमाप होई, मजुरीची यादी निघे, पैसे वर्ग करण्याच्या आदेशावर दोन सह्या होत आणि मग केंद्राकडून रक्कम मजुराच्या खात्यात जमा होई. प्रत्येक टप्प्याची तारीख संगणकात नोंदली जाई आणि ती सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येई. अशा लाखो तारखांचे सार आलेखांच्या रूपाने एका पडद्यावर मांडणारा फलक म्हणजे डॅशबोर्ड. त्यावर जिल्हा, तालुका, गाव, महिना असे निवडण्याची सोय असते. तिला फिल्टर म्हणतात. आपण तिला चाळणी म्हणू. घरातली बाई पिठाला एक चाळण आणि रव्याला दुसरी घेते, तसेच हे आहे.

चाळणी का हवी? समजा, दहा हजेरीपटांपैकी नवांचे पैसे आठ दिवसांत मिळाले आणि दहाव्याचे अठ्ठावन्न दिवसांनी. सरासरी निघाली तेरा दिवस! कायदा पाळला गेला, अधिकारी खूश. पण त्या दहाव्या पटावरच्या माणसांची चूल सरासरीवर पेटत नाही. म्हणून फलकापुढे बसल्यावर एकूण आकड्यावर समाधान न मानता तो फोडावा. गावाने फोडावा, टप्प्याने फोडावा.

याबाबतीत आमचीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावच्या बाया आमच्याकडे आल्या. दगडी बांधाचे काम होऊन दोन महिने लोटले, हाती दमडी नाही. आम्ही जुन्या सवयीने बँकेवर मोर्चा काढायला निघालो. संघटनेतल्या एका मुलीने आम्हांला थांबवले आणि संकेतस्थळ उघडून गाव, महिना, हजेरीपट अशा एकामागून एक चाळण्या लावल्या. मोजमाप झाले होते, यादी निघाली होती, आदेशावर पहिली सही होती, दुसरी नव्हती. बिचाऱ्या बँकेपर्यंत कागद पोचलाच नव्हता! आम्ही पाच बायांना घेऊन नेमक्या त्या टेबलाशी जाऊन उभे राहिलो. आठवड्यात पैसे जमा झाले.

परंतु चाळणीलाही एक प्रश्न विचारावा लागतो: तुझे घड्याळ कोठे थांबते? त्या काळी सरकारी हिशेबात दुसरी सही झाली की विलंबाचे घड्याळ थांबे. त्यापुढे पैसा खात्यावर यायला लागलेले दिवस विलंबात धरले जात नसत. भरपाई होती सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के, म्हणजे दीड हजार रुपयांवर दिवसाला पाऊण रुपया; तीही सहीपर्यंतचीच. राजेंद्रन नारायणन, सकीना धोराजीवाला आणि राजेश गोलानी या अभ्यासकांनी सरकारच्याच संकेतस्थळावरून २०१६-१७ मधले दहा राज्यांतले नव्वद लाखांवर व्यवहार तपासले आणि घड्याळ थेट मजुराच्या खात्यापर्यंत चालू ठेवले. वेळेवर पोचलेली मजुरी निघाली अवघी २१ टक्के. पुढे १८ मे २०१८ रोजी स्वराज अभियानाच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सहीनंतरच्या विलंबाची भरपाईही मजुराची आहे, असे बजावले.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. कायदे बदलतील, फलकही बदलतील. म्हणून आम्ही गावोगावी मजुरांना एक साधी वही ठेवायला सांगतो. तिच्यात दोनच तारखा लिहायच्या: काम संपले ती आणि पैसा हातात आला ती. या दोन तारखांच्या मधले सगळे टप्पे फलकावर शोधता येतात. पण या दोन तारखा मात्र मजुराने स्वतः राखल्या पाहिजेत. आणि आपण शहरातल्या सुशिक्षितांनी एवढेच करावे: अशी वही घेऊन कोणी आपल्या दारी आला, तर त्याला शेजारी बसवून तो पडदा एकदा उघडून दाखवावा.