एक किलोमीटरचा नियम रद्द झाला आहे

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित गटातल्या आणि दुर्बल घटकातल्या मुलांना द्यायच्या असतात. या 'आरटीई प्रवेशां'बद्दल बुलढाणा जिल्ह्यात एक गैरसमज अजून टिकून आहे : खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा असली, तर तिथे आरटीईचा अर्ज चालत नाही.

असा नियम खरोखरच आला होता, म्हणून तर तो डोक्यातून जात नाही. राज्य सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियमात बदल करून अशा खासगी शाळांना २५ टक्क्यांच्या बंधनातून वगळले. चिखली, खामगाव, मलकापूरसारख्या गावांत एका किलोमीटरवर नगर परिषदेची किंवा अनुदानित शाळा नाही, अशी खासगी शाळा शोधावी लागेल. म्हणजे तरतूद कागदावरच उरली असती. त्या एप्रिलमध्ये अर्ज भरणाऱ्यांना यादीत बहुतेक जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळाच दिसल्या. ती आठवण राहिली. पुढचे घडले ते पोचलेच नाही.

पुढे घडले ते असे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्दच केला. कायद्याने शाळांवर टाकलेले बंधन सरकारला नियम करून काढून घेता येत नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला. 'निकाल मुंबईचा, आपण नागपूर खंडपीठाखाली' हा युक्तिवादही निरर्थक आहे. नियमच रद्द झाल्यावर तो बुलढाण्यापुरता जिवंत राहत नाही. तरीही हे कारण सांगून पालकांना दारातून परत पाठवणे म्हणजे मुलाचा हक्क नाकारणे होय. अंतर बघितले जाते ते घर आणि शाळा यांच्यामधले, तेही प्राधान्य ठरवण्यासाठी.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. सरकार पालकांच्या खात्यात पैसे टाकत नाही. प्रतिपूर्ती शाळेला मिळते, आणि ती थकली तरी पालकांकडून फी घेता येत नाही. सीबीएसईच्या शाळा सुटलेल्या नाहीत. सूट अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना आहे. हा प्रवेश एका वर्षाचा नसून आठवीपर्यंतचा असतो. वंचित गटात मोडणाऱ्या अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्त, इतर मागासवर्गीय आणि दिव्यांग मुलांना उत्पन्नाची अट नाही. एक लाखाची वार्षिक मर्यादा आहे ती दुर्बल घटकासाठी.

अर्जाला शुल्क नाही, निवड सोडतीने होते. पालकांनी जन्मदाखला आणि रहिवासाचा पुरावा, शिवाय लागू असेल तो जातीचा किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला अर्ज सुरू होण्याआधीच काढून ठेवावा.