महाराष्ट्रातील कारागृहांतील गर्दी

कारागृहाच्या अधिकृत क्षमतेपेक्षा अधिक बंदी तेथे ठेवले जाणे, यास कारागृहातील गर्दी म्हणतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस भारतातील कारागृहांची एकूण क्षमता ४,३६,२६६ होती. प्रत्यक्षात त्यांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी, म्हणजे कच्चे कैदी होते. दोष सिद्ध न झालेल्यांची संख्याच जवळजवळ एकूण क्षमतेएवढी होती.

महाराष्ट्रातील स्थिती

राज्यात नऊ मध्यवर्ती कारागृहे असून त्यांपैकी मराठवाड्यातील एकमेव छत्रपती संभाजीनगरजवळ हर्सूल येथे आहे. नांदेड येथे जिल्हा कारागृह आहे. गर्दीचा सर्वाधिक ताण मुंबई, ठाणे व पुणे परिसरात आढळतो. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची क्षमता अनेक वर्षे ८०४ होती. तेथील बंद्यांची संख्या मात्र दोन हजारांहून अधिक राहिली.

कारणे

खटल्यांना होणारा विलंब, अनावश्यक अटक, न्यायालयात हजर करण्यासाठी पोलीस पथक उपलब्ध नसणे आणि जामिनाच्या अटी ही प्रमुख कारणे आहेत. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने अनेक बंदी आतच राहतात. नांदेड जिल्ह्यातील मुखेडसारख्या तालुक्यांतून मजुरीसाठी शहरांत जाणाऱ्यांना ही अट विशेष जाचक ठरू शकते. अटक शहरात होते, तर जामीन राहू शकणारे आप्त व त्यांची मालमत्ता गावी असते. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७८) या प्रकरणात जामीनदार परजिल्ह्यातील असल्याने नाकारण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका चुकीची ठरवली.

शासनाची जबाबदारी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘कारागृहे’ हा राज्यसूचीतील विषय (नोंद ४) आहे. बंद्यांना कारागृहात पाठवण्याचा आदेश न्यायालय देत असले, तरी पोलीस, सरकारी वकील, इमारती व कर्मचारी यांची व्यवस्था राज्य शासनाकडे असते. हुसेनारा खातून प्रकरणात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने जलद खटल्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत मानला. रुदुल साह प्रकरणात (१९८३) निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षांहून अधिक काळ डांबलेल्या बंद्यास भरपाई देण्याचा आदेश बिहार शासनास देण्यात आला.

उपाययोजना

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधीन बंदी आढावा समित्या काम करतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, संभाव्य कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेला न्यायाधीन बंदी जामिनास पात्र ठरतो. पूर्वी कोणताही दोष सिद्ध न झालेल्यास ही मुदत एक तृतीयांश आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेले बंदी यांना ही सवलत नाही. पात्र बंद्यांच्या वतीने न्यायालयास लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य कायद्याने कारागृह अधीक्षकांवर सोपवले आहे.