बारा गाठींचा पिंजरा

कामट्यांचा आकाशकंदील ज्यांनी कधी घरी बांधला असेल, त्यांना या लेखातले निम्मे रसायनशास्त्र आधीपासूनच येते, असे म्हणावयास हरकत नाही. आमच्याकडे जो कंदील होत असे त्याची कृती अशी : कामट्यांचे सहा सारखे चौकोन करावयाचे. त्यांपैकी चार टोकावर उभे धरून कोपऱ्याला कोपरा लावून दोऱ्याने बांधावयाचे, पाचवा वर बसवावयाचा, सहावा खाली. कामट्या झाल्या २४, गाठी १२, आणि प्रत्येक गाठीत चार कामट्यांची टोके. मधले आठ त्रिकोण कोणीच करीत नाही. चौकोन जागेवर बसले की ते आपसूक उमटतात.

नेमका हाच कंदील जपानमधील माकोतो फुजिता आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली प्रयोगशाळेत केला. गाठींच्या जागी पॅलेडियम धातूचे १२ अणू, कामट्यांच्या जागी मध्ये किंचित वाकलेले २४ रेणू, आणि प्रत्येक अणूपाशी चार टोके. फरक म्हटला तर रुंदीचा. ही सगळी रचना अवघी काही नॅनोमीटर रुंद. आणि एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर बसतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पण लहानपणाचे कौतुक मी बाजूला ठेवतो. लहान वस्तूंचे कौतुक करून करून आता आपण थकलो आहोत. नवल आहे ते निराळेच. हा कंदील कोणी बांधलेला नाही. धातूचा क्षार आणि ते वाकडे रेणू एकाच द्रावणात सोडले, जरासे तापवले आणि वाट पाहिली. काही वेळाने पाहावे तो त्या द्रावणात जवळजवळ सगळे हेच कंदील. अर्धवट नाहीत, एखादी कामटी जास्तीची नाही, दोन कंदील एकमेकांत अडकलेले नाहीत. बांधणारे हात कोठले, असा प्रश्न माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला पडणारच.

मी या वाटेला गेलो तो एका शब्दापायी. आमच्या महाविद्यालयातील रसायनाच्या प्राध्यापकांना एका मराठी व्याख्यानासाठी ‘कोऑर्डिनेशन केज’ला प्रतिशब्द हवा होता. "अहो, तुम्ही मराठीवाले, एक शब्द द्या की," एवढेच ते म्हणाले. वस्तू ठाऊक नसता शब्द द्यावयाचा नाही, असा माझा नियम आहे. म्हणून मी आधी वस्तू समजावून घेऊ लागलो, आणि शब्द राहिला बाजूलाच.

गोष्टीचा आरंभ झुरिचला होतो. आल्फ्रेड वेर्नर नावाचा एक तरुण रसायनशास्त्रज्ञ तेथे होता. कोबाल्टसारख्या धातूंची काही संयुगे त्या काळच्या हिशेबात बसत नसत. अणूला जितके हात आहेत असे मानले जाई त्याहून जास्त रेणू तो आपल्याभोवती धरून ठेवी. सांगतात की एका रात्री दोनच्या सुमारास वेर्नर जागा झाला तो उत्तर घेऊनच. १८९३ साली त्याने मांडले की धातूचा अणू आपल्याभोवती ठराविक संख्येने आणि ठराविक दिशांनाच सोबती बसवतो. कोणी सहा सोबती सहा दिशांना बसवतो, कोणी चार चौकोनात. ही कल्पना गळी उतरवावयास त्याला वीस वर्षे लागली. १९१३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पॅलेडियम या चौकोनवाल्यांपैकी. त्याच्याभोवती काटकोन आधीच आखलेले असतात. सुताराच्या हातात गुण्या असतो, येथे गुण्या खुद्द अणूतच.

फुजिता हे १९९० साली चिबा विद्यापीठात होते. पॅलेडियमच्या चारांपैकी दोन बाजू त्यांनी एका लहान रेणूने बंद केल्या, म्हणजे उरल्या दोन, एकमेकींशी काटकोन करणाऱ्या. मग दोन्ही टोकांना नायट्रोजन असलेल्या सरळ दांडीसारखे रेणू त्या पाण्यात सोडले. चार दांड्या, चार कोपरे, चौकोन तयार! १९९५ साली दांड्यांच्या जागी त्यांनी त्रिकोणी पाट वापरले आणि सहा कोपरे व चार पाट अशा दहा तुकड्यांची एक पोकळ वस्तू हाती आली. आठ तोंडांचा तो मनोरा. एकाआड एक चार तोंडांवर पाट बसलेले, चार तोंडे उघडी. पिंजरा म्हणतात तो हा.

आता हातांचा प्रश्न. समजा, आपण कामट्या सरसाने चिकटवीत गेलो. एक कामटी तिरपी बसली की ती कायमची तिरपी, पुढचा सारा कंदील तिच्या मागे वाकडा. रेणू रचण्याची जुनी रीत थोडीफार अशीच : एकेक पक्का बंध, एकेक पायरी, आणि दर पायरीला काही माल वाया. पण पॅलेडियम आणि नायट्रोजन यांमधली गाठ सैल असते. ती बसते, सुटते, पुन्हा बसते. जी रचना चुकली तिची कोठे ना कोठे टोके मोकळी राहतात. मोकळ्या टोकाला चैन नसते. ती गाठ सुटते, तुकडे पुन्हा भटकतात, पुन्हा भेटतात. एकदा का असा आकार जमला की ज्यात एकही टोक मोकळे नाही, मग तो मोडण्यात कोणाचाच लाभ उरत नाही. म्हणजे चुका होतात, हजारोंनी होतात. पण त्या दुरुस्त होऊ शकतात. पॅलेडियमचा भाऊबंद प्लॅटिनम. त्याची गाठ घट्ट. घट्ट म्हणून चांगली असे वाटेल, पण तेथे हेच काम करून घ्यावयाचे तर बराच वेळ तापवत बसावे लागते, कारण चुकलेली गाठ सुटता सुटत नाही. मी इतकी वर्षे ‘दृढ’ हा शब्द गुणवाचक म्हणूनच शिकवीत आलो. रसायनाच्या खोलीत त्याचा भाव जरा उतरतो.

या व्यवहारात कोनाला फार किंमत. फुजिता यांच्याच प्रयोगशाळेत २०१० साली दोन प्रकारच्या वाकड्या रेणूंवर प्रयोग झाला. एकाचा बाक १२७ अंशांचा, दुसऱ्याचा १४९. पहिल्याने १२ गाठींचा कंदील होतो, दुसऱ्याने २४ गाठींचा, ४८ कामट्यांचा. दोन्ही रेणू मिसळले तर काय व्हावे? मधल्या मापाचे काहीतरी, किंवा दोहोंची खिचडी, असे आपण म्हणू. तसे होत नाही. मिश्रणातील सरासरी कोन १३१ अंशांच्या आसपास असेतो सगळे लहान. तो १३४ च्या घरात गेला की सगळे मोठे. दोन-तीन अंशांनी सबंध घराचा नकाशा बदलतो. पुढे २०१६ साली गणिताने आधी आकार वर्तवून ४८ गाठी आणि ९६ कामट्या, म्हणजे एकूण १४४ तुकड्यांचा गोल त्यांनी मिळवला.

फुजितांना २०१८ साली वोल्फ पारितोषिक मिळाले, ओमर याघी यांच्यासमवेत. याघी यांचे काम शेजारच्या आळीतले : अशाच गाठींनी विणलेली, पण न संपणारी जाळीदार घन द्रव्ये. त्या जाळ्यांसाठी २०२५ चे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि याघी यांना मिळाले. आपल्याकडेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पार्थसारथी मुखर्जी आणि मद्रासच्या आय.आय.टी.त दिलीपकुमार चंद हे पिंजऱ्यांवर काम करतात.

एवढे वाचून गृहिणी विचारतील : पिंजरा झाला खरा, पण त्यात ठेवावयाचे काय? याचे मला सर्वांत आवडलेले उत्तर फॉस्फरसचे आहे.

पांढरा फॉस्फरस हे मोठे तापट द्रव्य. १६६९ साली हाम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने सोने करण्याच्या नादात मूत्र आटवून आटवून ते मिळवले, आणि अंधारात चमकणारा तो गोळा पाहून युरोप वेडावला. पुढे आगकाड्यांच्या गुलात ते गेले, आणि त्या कारखान्यांतून राबणाऱ्या कामगारांच्या जबड्यांची हाडे सडली. शेवटी देशोदेशी अशा काड्यांवर बंदी आणावी लागली. हवा लागली की हे द्रव्य पेट घेते. त्याला तीसेक अंशांची ऊब पुरे, म्हणजे आपल्याकडे चैत्रवैशाखात काडी ओढण्याचेही कारण नाही. म्हणून ते पाण्याखाली ठेवतात.

केंब्रिजमध्ये जोनाथन नित्श्के यांच्या प्रयोगशाळेत लोखंडाचे पिंजरे होत. लोखंडाचे चार अणू चार कोपऱ्यांना, सहा कडा, आणि त्या कडाही आधी तयार नसतात. सुटे २२ तुकडे पाण्यात घातले की कडा आणि कोपरे एकाच वेळी जुळून येतात. आकार चार त्रिकोणांच्या मनोऱ्याचा. फॉस्फरसचा रेणूही चार अणूंचा, त्याच आकाराचा, धाकटा. पिंजरा पाण्यात विरघळतो, पण त्याच्या पोटातील पोकळीला पाण्याचे वावडे असते. फॉस्फरसलाही पाणी आवडत नाही. पाण्यात दोघांची गाठ घालून दिली की फॉस्फरसचा रेणू आपण होऊन आत जाऊन बसतो. २००९ साली हे प्रसिद्ध झाले. प्रबंधिकेवर पहिले नाव प्रसेनजित माल यांचे. ते पुढे भुवनेश्वरच्या राष्ट्रीय विज्ञान शिक्षण संस्थेत प्राध्यापक झाले.

आत बसलेला फॉस्फरस हवेत ठेवला तरी पेटत नाही. का पेटत नाही, हे ऐकून मी त्या प्राध्यापकांना पुन्हा एकदा सांगावयास लावले. आपली समजूत अशी की पिंजऱ्याने प्राणवायूला बाहेर अडवले असेल, बरणीला घट्ट झाकण लावावे तसे. पण हा पिंजरा काही हवाबंद नाही. कारण वेगळे आहे. जळावयाचे म्हणजे फॉस्फरसने प्राणवायूचे अणू आपल्याला जोडून घ्यावयाचे, आणि जोडले की त्याचे आकारमान वाढावयाचे. त्या वाढीला आत जागा नाही. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत ज्यांनी संसार केला त्यांना हे झट्कन कळेल : राग येतो, पण आदळआपट करावयाला ऐसपैस जागा लागते!

शब्दाचा विचार मी येथे केला. ‘केज’ला पिंजरा हा सरळ प्रतिशब्द, पण पिंजरा म्हटला की दार बंद आणि पोपट आत. येथे गज उघडे, येणारा आपल्या पायांनी येतो, आणि ज्या गोष्टीपासून राखावयाचे तिला मज्जाव नाही, फक्त तिला घडावयास वाव नाही. ‘कोश’ म्हणावे तर तो बंद. ‘घरटे’ फार लाडिक. शेवटी पिंजराच राहू दिला. लोकांच्या तोंडी बसणारा शब्द अर्थाने थोडा उणा असला तरी तो घ्यावा, या मताचा मी आहे.

याच लोखंडी पिंजऱ्यात सल्फर हेक्झाफ्लुओराइड नावाचा वायूही राहतो. विजेच्या मोठ्या यंत्रसामग्रीत तो वापरतात, आणि उष्णता कोंडण्यात तो कार्बन डायऑक्साइडला वीस हजारांहून अधिक पटींनी भारी आहे. तो पकडता आला तर हवाच आहे. अर्थात प्रयोगशाळेतील चमचाभर द्रावण आणि देशभरातील यंत्रे यांत अंतर पुष्कळ; पॅलेडियमसारख्या धातूची किंमत तर सोनारालाच विचारावी.

कोंडून ठेवणे हा एक गुण. आतल्या पाहुण्याकडून एरवी न होणारे काम करवून घेणे हा दुसरा. कॅलिफोर्नियात बर्कलीला केनेथ रेमंड आणि रॉबर्ट बर्गमन यांनी गॅलियम धातूचा पिंजरा वापरला. त्याच्यावर बारा ऋण भार असतात, त्यामुळे धन भाराचा पाहुणा आत सुखावतो. २००७ साली त्यांनी दाखवले की आम्ल लागणारी एक क्रिया या पिंजऱ्याच्या पोटात, भोवतालचे द्रावण अल्कधर्मी असतानाही, चालते. सोड्याच्या पाण्यात लिंबाचे काम! २०१० साली त्यांच्याच पिंजऱ्यात एक क्रिया दहा लाखांहून अधिक पटींनी वेगाने झाली. असे वेग आपल्या शरीरातील एन्झाइमे गाठतात, आणि तीही पोकळीत धरूनच काम करतात.

येथे मात्र एक अडचण उभी राहते, आणि ती दिवाळीच्या दिवसांत कोणत्याही कुटुंबाला समजावून सांगावी लागणार नाही. रसायनशास्त्रज्ञ पिंजऱ्याला यजमान म्हणतात आणि आतल्या रेणूला पाहुणा. पाहुणा येतो, काम उरकते, पण जाण्याचे नाव घेत नाही. आत तयार झालेला माल बहुधा आत गेलेल्या मालापेक्षाही तेथे अधिक घट्ट बसतो. मग पुढचा पाहुणा दारातच ताटकळतो आणि एका पिंजऱ्याकडून एकदाच काम होते. फॉस्फरसच्या बाबतीत नित्श्के यांच्या मंडळींनी बेंझीन घातले. बेंझीनलाही तीच खोली हवी असते. ते आत शिरते, फॉस्फरस बाहेर पडतो आणि पिंजऱ्याची एक गाठही सुटत नाही.

फुजितांनी २००६ साली काढलेली तोड याहून सोपी आहे. अँथ्रासीन हा पत्र्यासारखा सपाट रेणू. त्यांच्या वाटीसारख्या उघड्या पिंजऱ्यातील सपाट पाटावर तो अगदी टेकून बसतो. दुसऱ्या रेणूशी त्याचा संयोग झाला की जो नवा रेणू होतो तो मध्ये वाकलेला असतो. वाकलेल्याला सपाट पाटावर नीट टेकता येत नाही. तो उठून बाहेर जातो, आणि रिकाम्या पाटावर नवा अँथ्रासीन येऊन बसतो.