मुक्या मंडलाचे निदान

विजेवरच्या वाहनाच्या बॅटरीत अनेक लिथियम घट एकसर जोडलेले असतात. प्रत्येक घटाचे विभवांतर मोजणारी मंडले ती माहिती पुष्कळदा 'कॅन' पद्धतीच्या दोन तारांवरून नियंत्रकाला कळवतात. हा निरोप थांबला, तर एखादा घट जादा भारित होऊन पेट घेण्याच्या बेतात आला तरी कळणार नाही.

दोष शोधताना प्रथम पुरवठा बंद करून दोन तारांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. संदेश टोकावरून प्रतिध्वनीसारखा परतू नये म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. समांतर जोडणीच्या सूत्राने ६० ओहम यायला हवेत. १२० आले, तर एक रोध गळाला आहे किंवा तार तुटली आहे. ४० आले, तर तिसरा रोध जादा लागला आहे. शून्याजवळ आले, तर तारा एकमेकींना टेकल्या आहेत. वर्गात १२० ओहमचे तीन रोध घेऊन हे सहज पडताळता येईल.