साडेअकरा मिलिमीटरची मीटरगेज

परभणीवरून धावणाऱ्या जुन्या मीटरगेज गाडीची १:८७ या प्रमाणात प्रतिकृती करायची तर दोन रुळांत साडेअकरा मिलिमीटर अंतर हवं. बाजारात १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळतही नाही. ब्रॉडगेजचं गणित मात्र बसत नाही. तिच्या १६७६ मिलिमीटरला ८७ ने भागलं तर सव्वाएकोणीस येतात आणि जगभर मिळणारे रूळ युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून बेतलेले, साडेसोळाचे. भारतातले बहुतेक हौशी लोक त्याच साडेसोळावर आपले डबे चढवतात. मग गाडी पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते, पण धावते.

धावते, म्हणजे थांबेपर्यंत. या छंदात गाडी धावण्यापेक्षा तिच्या थांबण्याचाच इतिहास मोठा आहे.

परभणी जिल्ह्याने खऱ्या गाड्यांची दोन्ही गेज पाहिली. निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास मनमाडपर्यंत पोचली आणि पुढची नऊ दशकं मुंबईला निघालेला परभणीकर मनमाडला गाडी बदलत राहिला. पूर्ण्याला वाफेच्या इंजिनांचं शेड होतं. १९९० च्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज आली. पूर्णा-अकोला मार्गाचं रूपांतर व्हायला २००८ उजाडलं. पूर्ण्याच्या शेडमधलं इंजिन आजारी पडलं की दोष इंजिनातच शोधायचा, कारण कोळसा आणि पाणी ते स्वतःबरोबर वागवत होतं. टेबलावरच्या इंजिनाची गोष्ट उलटी आहे. त्याचा कोळसा रुळातून येतो.

नेहमीच तसं नव्हतं. खेळणी बनवणाऱ्या हॉर्नबीने १९२० मध्ये ब्रिटनमध्ये चावीच्या आगगाड्या विकायला सुरुवात केली तेव्हा शक्ती इंजिनाच्या पोटातल्या स्प्रिंगमध्ये होती. बिघाडही तसेच सरळ: स्प्रिंग तुटली, दाता झिजला किंवा ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालं. घड्याळजीच्या हाताला हे काम नवं नव्हतं. रुळाला फक्त सरळ असणं पुरे होतं. तो कळकट असला तरी चालायचं.

१९३८ मध्ये त्यांचीच हॉर्नबी-डब्लो आली. १२ व्होल्टची, मध्ये तिसरा रूळ असलेली. दोन रुळांची पद्धत त्यांनी १९५९ मध्ये घेतली. एका रुळातून वीज आत, दुसऱ्यातून बाहेर, आणि दिशा उलटली की गाडी मागे. तेव्हापासून प्रत्येक थांबलेल्या गाडीचा पहिला संशयित रूळ झाला. तरीही गाडी थांबली रे थांबली की माणसाचा हात पहिल्यांदा स्क्रू ड्रायव्हरकडेच जातो. हे कोडं अजून कुणाला सुटलेलं नाही.

खरा क्रम कंटाळवाणा आहे. इंजिन बोटाने जरा ढकललं आणि ते चालू लागलं, तर मोटर ठणठणीत आहे. त्या जागचा रूळ नाही तर चाक मळलेलं आहे. सगळ्याच गाड्या एकाच ठिकाणी अडखळत असतील तर तिथली रूळ जोडणारी फिशप्लेट सैल झालेली असते. दुसरं इंजिन त्याच रुळावर धावलं तर मगच पहिल्यावर संशय घ्यायचा. पितळी रूळ लवकर काळे पडतात, तांबं-जस्त-निकेलच्या मिश्रधातूचे कमी त्रास देतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं फिरवलं की दहातल्या बहुतेक गाड्या घरच्या घरी बऱ्या होतात. तारेची घासणी मात्र रुळाजवळ आणू नये. तिचे कण मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि धुण्याने न निघणारं दुखणं मागे लागतं.

मराठवाड्यात याला एक स्थानिक पुरवणी जोडावी लागते. हा कापसाचा मुलूख आहे. मानवत, सेलू भागात जिनिंगचा हंगाम चालू असताना हवेत तंतू असतातच, आणि उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ दारं लावली तरी आत येते. चाकाच्या आसाला गुंडाळलेला एक केससुद्धा एवढ्याशा इंजिनाचा वेग निम्म्यावर आणू शकतो. वर कुणी प्रेमाने तेल ओतलेलं असेल तर विचारूच नका: तेल, धूळ आणि तंतू यांचा काळा लगदा मोटरच्या कॉम्युटेटरच्या फटीत बसतो आणि कार्बन ब्रशला वीज पोचवू देत नाही. सुईच्या टोकावर मावेल तेवढं तेल पुरतं.

महाराष्ट्रात हा छंद घराबाहेर आणला तो पुण्याच्या भाऊ जोशी यांनी. १९८२ मध्ये गोपाळ हायस्कूलमध्ये त्यांनी आपली छोटी रेल्वे लोकांना दाखवली, १९८४ मध्ये फिरतं प्रदर्शन तयार केलं, आणि १९९१ मध्ये कायमच्या मांडणीचं काम हाती घेतलं. कर्वे रस्त्यावरचं त्यांचं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालं. त्या वर्षांचा विचार केला की कामाची जात कळते. तेव्हा परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक बंधनं होती, सुटा भाग हवा तेव्हा दुकानात मिळत नव्हता. शिवाय घरातली गाडी थांबली तर मालक एकटा हळहळतो. तिकीट काढून बसलेल्या शाळेच्या सहलीपुढे गाडी थांबली तर खेळच थांबतो. हॅम्बुर्गचं मिनिआतुर वुंडरलँड हे असंच छोट्या रेल्वेचं प्रदर्शन २००१ मध्ये उघडलं; आज तिथे हजाराहून जास्त गाड्या आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीची स्वतंत्र कार्यशाळा आहे. प्रमाण वेगळं, पण रुळावरची धूळ दोन्हीकडे तीच.

आयात खुली झाली, घरोघरचे नातेवाईक अमेरिका-जर्मनीला गेले आणि बिघाडांची नवी पिढी आली. अमेरिकेहून आणलेल्या खेळण्याचा पॉवर पॅक १२० व्होल्टचा असतो. तो परभणीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचला की गाडी एक फेरीही न मारता वास सोडते. सुदैवाने जळतो तो बहुधा पॅक. इंजिन १२ व्होल्टच्या दुसऱ्या पुरवठ्यावर तपासून पाहावं. जर्मनीहून आलेलं मार्कलिन कंपनीचं इंजिन वेगळा घोळ घालतं. त्याची पद्धत मधल्या संपर्कबिंदूंची. दोन रुळांच्या मांडणीवर ते ठेवलं की त्याची इन्सुलेशन नसलेली चाकं दोन्ही रूळ जोडून शॉर्टसर्किट करतात, आणि घरचे म्हणतात, नवंकोरं बिघडलेलं निघालं.

दुरुस्तीनेच केलेल्या बिघाडांचाही एक वर्ग आहे. जुन्या अल्निको चुंबकाच्या मोटरमधून आर्मेचर साफ करायला बाहेर काढलं आणि चुंबकाच्या टोकांवर लोखंडी पट्टी ठेवली नाही, तर चुंबक दुबळा पडतो. स्वच्छ झालेली मोटर आधीपेक्षा कमी जोर लावते आणि जास्त तापते. एक दुखणं तर कोणाच्याच हातात नाही. दोन महायुद्धांमधल्या काळात जस्ताच्या ज्या ओतीव मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं, तो वर्षानुवर्षं आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी चुऱ्यासारखा होतो. अशी चासी जोडायला डाख, सरस काहीही चालत नाही. दमट, उबदार कपाटात ती लवकर जाते, एवढंच सांगता येतं.

१९९० च्या दशकात अमेरिकी हौशी मंडळींच्या संघटनेने डिजिटल नियंत्रणाची मानकं स्वीकारली आणि इंजिनांत हुकूम ओळखणारा डिकोडर बसू लागला. आता रुळात वीज कायम असते, आणि कुठल्या इंजिनाने हलायचं ते क्रमांकाने सांगितलं जातं. यामुळे एक गमतीचा मृत्यू जन्माला आला: इंजिन चांगलं आहे, रूळ चकचकीत आहेत, तरी ते ढिम्म. डिकोडर कधीतरी आपला क्रमांक विसरून कारखान्यातल्या ३ वर गेलेला असतो. कंट्रोलरवर ३ दाबला की मेलेलं इंजिन चालू लागतं. तेही जमलं नाही तर बऱ्याच डिकोडरमध्ये आठव्या नोंदीत ८ हा आकडा घातला की सगळं मूळपदावर येतं.

अलीकडे डिकोडरला कपॅसिटर जोडतात. रुळाचा मळका तुकडा ओलांडेपर्यंत क्षणभर पुरेल एवढी वीज त्यात साठते, म्हणजे चावीच्या गाडीसारखी शक्ती पुन्हा पोटात आली. सोय खरी आहे, पण तिने रूळ पुसायची सवय मोडली, ही जुन्या मंडळींची तक्रारही खोटी नाही. काही डिकोडरचा क्रमांक बदलायचा असेल तर हा कपॅसिटर आधी सोडवावा लागतो. नाहीतर कंट्रोलर चूक दाखवत राहतो आणि माणूस स्क्रू ड्रायव्हर शोधू लागतो. १:१६० च्या, ९ मिलिमीटर रुळांवर चालणाऱ्या इंजिनांत तर कपॅसिटरला पुरेशी जागा बहुधा नसतेच. तिथे अजून फडकं आणि अल्कोहोलच.